नेमाचा नाद

माणसाला कोणता नाद कधी लागेल याचा नेम नाही, असे आपण म्हणतो. माझ्या बाबतीत हे वाक्य थोडे फिरवून घ्यावे लागेल. कारण मला नादच नेमाचा लागला आहे. मी एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आठवड्याचे सहा दिवस मी अभंग, शब्दशक्ती आणि उत्तरपत्रिका यांत बुडालेली असते. आणि रविवारी सकाळी, सारे कोल्हापूर मटणाच्या दुकानापुढे रांग लावून उभे असताना, मी एका रेंजवर चटईवर पालथी पडून पन्नास मीटरांवरच्या कागदाला भोके पाडत असते.

हे ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते आता मला पाठ झाले आहेत. विद्यार्थी एकदम अदबीने वागू लागतात. शेजारच्या काकू विचारतात, "बाई, बंदूक घरातच असते का हो?" आमचे हे तर गेली पाच वर्षे एकच विनोद करत आले आहेत. मी दुपारी घरी परतले की वर्तमानपत्र खाली न घेताच विचारतात, "आज किती गेले?" मी म्हणते, "साठ." मग ते समाधानाने पान उलटतात.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर असे की बंदूक घरात नसते. ती माझी नाहीच. क्लबची आहे आणि क्लबच्याच कुलपात राहते. खरे सांगायचे तर माझा जीव बंदुकीवर नाहीच. बंदूक जड असते, तिला तेलपाणी करावे लागते, आणि तिच्याविषयी बोलताना पुरुषांना जो चेव येतो तो मला कधी आला नाही. माझा जीव आहे तो तिच्यातल्या काडतुसावर. आणि तेही एका विशिष्ट, अगदी चिमुकल्या काडतुसावर. नेमबाज त्याला नुसते 'पॉइंट टू टू' म्हणतात. एका इंचाचे शंभर भाग करावेत आणि त्यांतले बावीस घ्यावेत, एवढी त्याच्या गोळीची जाडी. म्हणजे साडेपाच मिलिमीटरांच्या थोडी पुढे. अख्खे काडतूस एका इंचाएवढे लांब. गोळीचे वजन २.६ ग्रॅम, गुजरीतल्या सराफाच्या काट्यावर घातली तर पाव तोळासुद्धा भरायची नाही. पन्नास काडतुसांची पेटी उघडली की ती आत ओळीने, शहाण्या मुलांसारखी उभी असतात.

या काडतुसाची घडण समजून घ्यायला दिवाळीचे दिवस फार सोयीचे. लहानपणी आपण सर्वांनी टिकल्यांचे पिस्तूल उडवलेले आहे. लाल कागदावर चिमूटभर दारू, तिच्यावर लोखंडाचा एक टोला, आणि 'फट्'. मोठ्या बंदुकीच्या काडतुसात अशी एक टिकली, म्हणजे एक छोटी टोपी, तळाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते. आमच्या बावीसच्या काडतुसात ती वेगळी नसते. पितळी पुंगळीच्या तळाला ताटाच्या काठासारखी कडा असते. ती आतून पोकळ असते आणि त्या पोकळीतच टिकलीचा मसाला भरलेला असतो. चाप ओढला की रायफलमधली पोलादी पिन त्या कडेवर आपटते, कडा चेमटते, ठिणगी पडते, दारू पेटते, गोळी निघते. कडेवर पेटणारे म्हणून याला रिमफायर म्हणतात. ही कडा एकदा चेमटली की पुंगळी पुन्हा कामाची राहत नाही. मोठ्या काडतुसाची पुंगळी नवी टोपी बसवून पुन्हा भरता येते. हिला दुसरा जन्म नाही.

याचा मूळपुरुष निघाला तोही खेळासाठीच. १८४५ च्या सुमाराला पॅरिसमधल्या फ्लोबेर नावाच्या कारागिराने त्या काळच्या बंदुकीची टिकली घेतली आणि तिच्याच तोंडात एक बारीक गोळी बसवून दिली. दारू अशी वेगळी नाहीच. टिकलीच्या जोरावर जी काय उडेल ती गोळी. त्यावर साहेबलोक चक्क दिवाणखान्यात नेमबाजी करत. पुढे १८५७ उजाडले. हे साल आपण काडतुसांवरूनच ओळखतो. एनफील्ड रायफलच्या काडतुसाचा कागद दाताने तोडावा लागे, त्याला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे असे शिपायांच्या मनाने घेतले, आणि पुढचे सारे आपल्या मुलांच्या पुस्तकात आहे. नेमक्या त्याच साली अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी एक छोटे रिव्हॉल्व्हर विकायला काढले आणि त्याच्याबरोबर धातूच्या पुंगळीचे, कडेवर पेटणारे बावीसचे काडतूस आणले. इकडे कागदी काडतुसाने राज्य हादरत होते, आणि तिकडे कागदी काडतुसाचे दिवस भरवणारे हे बारके पोर जन्माला येत होते. आम्ही वापरतो ते त्याचे जरा लांबट भावंड. त्याला 'लाँग रायफल' म्हणतात आणि ते १८८७ सालचे. त्यानंतर जगात किती बंदुका आल्या आणि गेल्या. हे मात्र आहे तसेच आहे.

माझी याची पहिली ओळख झाली ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, एन.सी.सी.च्या थंडीतल्या कॅम्पात. पहाटे आम्हां मुलींना ओळीने बसवून प्रत्येकीच्या तळहातावर पाच काडतुसे मोजून ठेवली. माझ्या आयुष्यात तोवर कोणी मला इतके काटेकोर मोजून काही दिले नव्हते. आणि नंतर पाच रिकामी खोखी तितक्याच काटेकोरपणे परत मागून घेतली, हेही पहिल्यांदाच. आदल्या रात्री तंबूत एका मुलीने सांगितले होते की बंदुकीच्या दणक्याने खांदा निखळतो. तिच्या मामाचा म्हणे निखळला होता. त्यामुळे 'भर' हा हुकूम आला तेव्हा मी खांद्याची आशा सोडली होती. चाप ओढला. 'टप्' असा आवाज झाला. खांद्याला कोणी तरी बोटाने हाक मारावी एवढा स्पर्श झाला, आणि बस्स. मी दणक्याची वाट पाहत राहिले. तो आलाच नाही. तिसऱ्या काडतुसाला भीती गेली आणि तिच्या जागी एक वेगळीच गोष्ट ऐकू येऊ लागली. समोरची माशी एका ठेक्यात किंचित वरखाली होत होती. तो ठेका माझ्या नाडीचा होता. आपले हृदय चालू आहे हे मी पुस्तकात वाचले होते. डोळ्यांनी पाहिले ते त्या दिवशी.

मग परीक्षा, नोकरी, लग्न, मुले असे आयुष्य त्याच्या रीतीने चालले. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, आमच्या महाविद्यालयाच्या कॅडेट मुलींना सोबत म्हणून मी एका रेंजवर गेले, तेव्हा तो 'टप्' पुन्हा कानांवर पडला. जळलेल्या दारूचा वास आला. दिवाळीच्या पहाटे अंगणात येतो तसाच, फक्त जरा संयमी. पुढच्या महिन्यात मी क्लबची वर्गणी भरली.

तिथे आमचे गुरू म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार. वय सत्तरीच्या आसपास, मिशा पांढऱ्या, आणि शब्द गोळ्यांसारखेच मोजून वापरण्याची सवय. नव्या माणसाने मोठ्या रायफलीला हात लावलेला त्यांना खपत नाही. एकदा एक धिप्पाड तरुण आला. त्याने कुठेतरी मोठी रायफल झाडली होती आणि बावीसची पाहून तो हसला. सुभेदारांनी त्याला काही न बोलता निजायला सांगितले, आणि काडतुसे भरताना मध्येच त्याच्या नकळत एक रिकामी पुंगळी आत सरकवली. त्याने चाप ओढला. गोळी नव्हती, बार नव्हता. तरी रायफल नाकावर आपटल्यासारखी दचकून खाली गेली. सुभेदार म्हणाले, "बगा. काडतूस रिकामं हुतं. भ्या तेवढं भरल्यालं."

मला वाटते, या चिमुकल्या काडतुसाच्या मोहाचे सारे मर्म त्या वाक्यात आहे. मोठी बंदूक आपल्याला एक सोय करून देते. तिचा आवाज एवढा, तिचा धक्का एवढा, की नेम चुकला तरी दोष तिच्यावर ढकलता येतो. बावीसचे काडतूस ही सोय देत नाही. ते ओरडत नाही, ढकलत नाही, घाबरवत नाही. त्याचा आवाज बेताचा. कानात बोळे घालावे लागतात, पण छातीत काही होत नाही. मग नेम जिथे जाईल तिथे तो आपल्यामुळे गेलेला असतो. श्वास अर्धवट असेल, बोट घाईचे असेल, 'आता दहाच हवा' असा लोभ मनात असेल, तर ते सगळे पन्नास मीटरांवरच्या कागदावर गोल भोकाच्या रूपाने हजर होते. मराठी शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट ओळखीची आहे. लांबलचक निबंधात विचार नसला तरी चालून जाते. दोन ओळींत लपायला जागा नसते.

आणि ही लहानशी वस्तू स्वस्तही आहे. निदान मोठ्या काडतुसांच्या मानाने. त्यामुळे एका सकाळी पन्नास-साठ वेळा तीच क्रिया करता येते. मोठ्या काडतुसाने माणूस बार काढतो. बावीसच्या काडतुसाने रियाज करतो. गवयाच्या घरी पहाटे एकच स्वर तासभर लावलेला ऐकू येतो ना, तसा. हौशी लोक याच्या प्रेमात पडतात ते बहुतेक यामुळेच. अर्धा दिवस निघून जातो, खांदा दुखत नाही, खिसा फार हलका होत नाही, आणि शेवटच्या दहा गोळ्या पहिल्या दहांपेक्षा एकमेकींच्या जवळ बसलेल्या असतात. चाळिशी ओलांडलेल्या बाईला आपण एखाद्या गोष्टीत सुधारत आहोत असे सिद्ध करून दाखवणारा कागद दुसरीकडे कुठे मिळतो?

लहान असले तरी हे काडतूस मोठे मानी आहे. त्याची गोळी शिशाची, अंगाला मेणासारखे वंगण. स्पर्धेची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाहून थोडी हळू सोडतात. म्हणजे वाटेत तिची चाल बिघडत नाही. पन्नास मीटर जायला तिला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो, आणि तेवढ्यात ती अर्ध्या वितीहून जास्त खाली येते. ही घट दुर्बिणीच्या किंवा माशीच्या मापात आधीच धरलेली असते. वाऱ्याची एक झुळूक तिला बाजूला नेते, म्हणून रेंजवर छोटे झेंडे लावतात. पावसाळा संपताना पश्चिमेचा वारा सुटला की आम्ही सारे नेम सोडून झेंड्यांकडेच बघत पडलेले असतो. दहा गुणांचा गोल केवढा, तर १०.४ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढा. तो पन्नास मीटरांवरून नुसत्या डोळ्याला दिसतही नाही. जो दिसतो तो भोवतीचा काळा गोल.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे नळीची आवडनिवड. एकाच कारखान्याची, एकाच नावाची काडतुसे. पण दर घाण्याचा स्वभाव थोडा निराळा. मोठे नेमबाज आपली रायफल घट्ट आवळून वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसे झाडून पाहतात. एकाच्या गोळ्या एका भोकात एक पडतात. दुसऱ्याच्या, काही कारण नसताना, रुसल्यासारख्या पसरतात. जो घाणा जमला त्याच्या पेट्या ते साठवून ठेवतात. मी एकदा सुभेदारांना विचारले, "एकाच रायफलीला एक काडतूस आवडते, दुसरीला नाही, हे का?" ते म्हणाले, "बाई, ते नळीलाच इचारायचं. आपुन मधी पडायचं न्हाई." सुना-जावयांच्या बाबतीत हा सल्ला किती उपयोगाचा आहे, हे वाचकांना सांगायला नको.

आमचे कोल्हापूर तसे भव्यतेचे भोक्ते. इथे खासबागेचे मैदान, इथे तालमी, इथे तांबडा आणि पांढरा. राजवाड्याच्या संग्रहालयात शिकारीच्या काळातले वाघ अजून डोळे वटारून उभे आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती शिकार इतिहासजमा झाली, आणि झाली ते बरेच झाले. अशा गावाचे नाव जगात नेले ते मात्र पाव तोळ्याच्या गोळीने. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत पन्नास मीटर रायफलमध्ये, पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली. असे यश मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतले. आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये गुडघ्यावर, पालथा आणि उभा अशा तिन्ही स्थितींत नेम धरून कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर त्याच दिवशी. तिघांची हत्यारे निराळी, पण काडतूस एकच: माझ्या रविवारच्या पेटीतले. अर्थात ते ज्या घाण्याचे वापरतात तो मला परवडत नाही. तरी नाते ते नाते.

इतके सगळे सांगूनही एका माणसाला मी हे पटवू शकलेले नाही. ते म्हणजे माझे वडील, अण्णा. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. वय आता एक्क्याऐंशी. आयुष्यभर खादी वापरली, मुलांवर कधी छडी उगारली नाही, आणि घरात ढेकूण मारायचा झाला तरी ते काम आईकडे द्यायचे. मी रेंजवर जाते हे त्यांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत. अण्णांचे न रागावणे फार अवघड असते. ते एवढेच म्हणाले, "वस्तू लहान असली म्हणून तिचा धर्म लहान होत नाही, बाळ."

मी म्हटले, "अण्णा, आम्ही कागदावर नेम धरतो."

"कागदावर धरता. पण ती केली आहे कशासाठी?"

या प्रश्नाला मी चातुर्याने उत्तर देऊ शकले असते. ती मुळात दिवाणखान्यातल्या खेळासाठी केली, असे फ्लोबेरचे नाव घेऊन सांगता आले असते. पण अण्णांशी चातुर्य करवत नाही, आणि त्यांचे म्हणणे खोटेही नाही. १९६८ साली लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट केनेडी गेले ते बावीसच्याच गोळीने. १९८१ साली अध्यक्ष रेगन यांना लागली तीही बावीसचीच. पन्नास मीटरांवर बटण शोधणारी ही गोळी वाट मोकळी मिळाली तर मैलभराहून दूर जाते. कित्येक पेट्यांवर तशी सूचनाच छापलेली असते. म्हणून तर रेंजच्या मागे मातीचा उंच बांध असतो, म्हणून १९५९ चा कायदा परवाना मागतो, म्हणून सुभेदार एकेक पुंगळी मोजून घेतात. मऊ आवाजाच्या माणसाला आपण निरुपद्रवी समजतो. ही गोळी आवाजाने मऊ आहे, स्वभावाने नाही. आणि अण्णांच्या मनात या साऱ्या विलायती गोष्टींच्या आधी कोणती संध्याकाळ असते तेही मला ठाऊक आहे. दर तीस जानेवारीला ते सकाळपासून जेवत नाहीत.

एकदा मात्र ते आपण होऊन रेंजवर आले. मागच्या बाकावर काठी टेकून तासभर बसले. माझ्याकडे पाहतच नव्हते. समोरच्या कागदांकडे पाहत होते. शेवटी त्यांनी सुभेदारांना विचारले, "तो काळा गोल कशाचे चित्र आहे?"

"कशाचंच न्हाई, गुरुजी. गोलच हाय."

"माणसाचे नाही?"

"ते आमच्या पलटणीत हुतं. हितं न्हाई."

"बरे आहे," अण्णा म्हणाले. जाताना त्यांनी सुभेदारांना नमस्कार केला. दोन म्हातारी माणसे एकमेकांसमोर हात जोडून बराच वेळ उभी होती. काय बोलली ते मला ऐकू आले नाही. माझ्या कानात बोळे होते.

घरी परतताना मी त्यांना म्हटले, "मला तिथे काय आवडते सांगू? तिथे मला कोणी हाक मारत नाही. आणि मी कोणावर रागावलेली असले तर नेम लागत नाही. राग बाहेर ठेवूनच आत जावे लागते." ते म्हणाले, "मग राग बाहेर ठेवायला मंदिरे काय वाईट होती?" आणि स्वतःच हसले, कारण ते मंदिरातही कधी जात नाहीत. तेव्हापासून आमच्यांत एक तह झाला आहे. त्यांना हे पसंत नाही. ते मला ठाऊक आहे. आणि दर रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. आधी मुलांची चौकशी होते, मग पावसाची, आणि मग अगदी सहज विचारल्यासारखे: "आज दहा किती?" मी आकडा सांगते. "नऊ किती?" तेही सांगते. मास्तरकी अंगात मुरलेली असल्यामुळे त्यांना गुणपत्रिका पुरी लागते.

गेल्या भाऊबीजेला मी माहेरी गेले होते. संध्याकाळी ओसरीवर पणत्या लावायच्या होत्या. हे काम घरात नेहमी अण्णांचे. अलीकडे त्यांच्या हातांना वयाचा कंप आला आहे. बशीतला चहा ओठांपर्यंत निम्माच पोचतो, आणि त्याविषयी घरात कोणी बोलायचे नाही असे न सांगता ठरलेले आहे. ते पाटावर बसले होते, पुढे पणत्या मांडलेल्या. पळीने तेल घालायला गेले आणि पहिल्या दोन पणत्यांचे तेल ओसरीवर पडले. वहिनी पुढे होणार तोच त्यांनी मला हाक मारली.

"ते तुमच्यात हात स्थिर कसा धरतात गं?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सुभेदारांनी मला सांगितले होते ते सगळे त्यांना सांगितले. हात ताकदीने धरायचा नाही. ताकदीने धरला की तो जास्त हलतो, कारण स्नायू थकतो. हाडाला हाडाचा आधार द्यायचा. कोपर कशावर तरी टेकवायचे. दुसरा हात मनगटाखाली. अंग आपण होऊन जिकडे वळते तिकडे वळू द्यायचे, आणि पणती तिथे सरकवायची. पणतीसाठी अंग पिळायचे नाही. मग श्वास घ्यायचा, निम्मा सोडायचा, आणि जिथे सोडावासा वाटत नाही आणि घ्यावासाही वाटत नाही, तिथे थांबायचे. काम त्या थांबण्यात करायचे. हात पुरता थांबत नाहीच. कोणाचाच थांबत नाही. तो जेवढा हलतो तेवढा हलू द्यायचा आणि घाई करायची नाही.

अण्णांनी डावा गुडघा उभा केला, त्यावर कोपर टेकले, डाव्या हाताने उजवे मनगट धरले. पणती जवळ ओढली. श्वास सोडला. तेल पणतीत पडले. बाहेर थेंबही नाही. दुसरी भरली. तिसरी भरली. मग पळी खाली ठेवून ते माझ्याकडे वळले.

"एवढे शिकायला बंदूक लागते होय?"

"नाही लागत, अण्णा," मी म्हटले. "मला लागली."

त्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळले नाही. पुन्हा कोपर टेकवून ते पुढच्या पणतीकडे वळले. ती भरली. त्यापुढची भरताना मात्र पळीतले तेल काठावरून थोडेसे ओघळले. वहिनीने फडके पुढे केले. अण्णांनी ते घेतले, पणतीचा काठ नीट पुसला, आणि ती ओळीत ठेवता ठेवता माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही नऊची."